गुंतवणुकीचं चित्र ब्राउझरमध्ये: चार्टच्या आधी काय बांधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेअर्स दोन ब्रोकरांकडे, म्युच्युअल फंडांच्या एसआयपी तिसऱ्याच ॲपवर, आणि हे सगळं एका ठिकाणी चित्ररूपात दाखवणारं क्रोम एक्स्टेन्शन स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी बनवायचं आहे. जावास्क्रिप्ट येते. चार्टसाठी डी-थ्री घ्यावं की चार्ट-जेएस?

त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. ट्रीमॅप (रकमेच्या प्रमाणात लहानमोठे चौकोन दाखवणारं चित्र) हवा असेल तर डी-थ्रीमधलं फक्त हायरार्की मॉड्यूल घ्या, रेषा आणि पट्ट्यांसाठी चार्ट-जेएस पुरतं. पण असली एक्स्टेन्शनं चार्टपाशी अडकत नाहीत, आकड्यांपाशी अडकतात. चित्र दोन दिवसांत उभं राहतं आणि त्यातला एक आकडा ब्रोकरच्या ॲपशी जुळत नाही म्हणून ते उघडणं बंद होतं. त्यामुळे मी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

पहिला निर्णय: माहिती येणार कुठून? ब्रोकरच्या पानावर आपण लॉगिन असतोच, मग कंटेंट स्क्रिप्ट (उघड्या पानात शिरणारा एक्स्टेन्शनचा कोड) टाकून होल्डिंगचा तक्ता वाचून घेऊ, हा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. एक तर तिथे फक्त संख्या आणि सरासरी भाव मिळतो, खरेदीच्या तारखा मिळत नाहीत. तारखांशिवाय वार्षिक परतावा काढता येत नाही, म्हणजे तुमच्या चार्टमध्ये ब्रोकरच्या पानावर नाही असं काहीच नसेल. दुसरं कारण जास्त गंभीर. ज्या साइटवरून ऑर्डर टाकता येते, त्या साइटची वाचायची परवानगी एक्स्टेन्शनला दिली की तिथली बटणं दाबायची ताकदही त्याला मिळते. तुमची नियत चांगली असेल, पण एक्स्टेन्शनं आपोआप अपडेट होतात आणि मालकीही बदलते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीचा कर्मचारी फिशिंगच्या मेलला फसला आणि घातक आवृत्ती थेट वापरकर्त्यांच्या ब्राउझरात पोचली. घरच्यांच्या डीमॅट खात्याच्या पानावर असली चावी ठेवायचं काही कारण नाही.

ब्रोकरचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागवायची अधिकृत सोय, हा दुसरा मार्ग. तो रीतसर आहे, पण दोन अडचणी आहेत. लॉगिनचं टोकन सहसा रोज संपतं, म्हणजे रोज सकाळी पुन्हा लॉगिन. आणि टोकन मिळवायला लागणारी गुप्त किल्ली एक्स्टेन्शनमध्ये ठेवता येत नाही, कारण एक्स्टेन्शन म्हणजे शेवटी एक झिप फाइल. कुणीही उघडून वाचू शकतं. मग त्यासाठी सर्व्हर उभारावा लागतो, आणि सर्व्हर आला की घरच्यांची सगळी मालमत्ता सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर आली.

म्हणून मी फाइलच्या बाजूचा आहे. वापरकर्ता स्टेटमेंट उतरवतो, एक्स्टेन्शनच्या पानावर ओढून टाकतो, वाचन तिथल्या तिथे होतं, बाहेर काहीच जात नाही. फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचं एकत्रित खातेविवरण, ज्याला सगळे कॅस म्हणतात, ते घ्या. मागवताना सारांश नको, तपशीलवार विवरण आणि कालावधी पहिल्या गुंतवणुकीपासून. शेअर्ससाठी ब्रोकरच्या रिपोर्ट विभागातून ट्रेडबुकची, म्हणजे झालेल्या खरेदी-विक्रीच्या यादीची सीएसव्ही मिळते. डिपॉझिटरीचं, म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं कॅस महिन्याच्या शेवटी हातात किती शेअर्स होते ते दाखवतं; ते पडताळणीसाठी फार उपयोगी.

कॅसची पीडीएफ वाचायला मोझिलाचं पीडीएफ-जेएस वापरा. डिपॉझिटरीच्या कॅसचा पासवर्ड पॅन असतो, कॅम्सच्या कॅसचा आपण निवडलेला. तो विचारा, वापरा, विसरा; साठवू नका. पीडीएफ-जेएसची आवृत्ती ४.२.६७ किंवा त्यापुढची असू द्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत फॉन्ट वाचण्याच्या कोडमध्ये असं छिद्र होतं की खास बनवलेली पीडीएफ तुमच्या पानात हवा तो कोड चालवू शकत होती.

पीडीएफमधून ओळी नाही, अक्षरांचे तुकडे आणि त्यांच्या जागा मिळतात. उभ्या अक्षावरची जागा सारखी असलेले तुकडे गोळा करून ओळ बनवायची आणि मग तारीख, रक्कम, युनिट, भाव वेगळे काढायचे. लांबलचक योजनेचं नाव दोन ओळींत मोडतं, तिथे पार्सर, म्हणजे हे वाचणारा कोड, घसरतो. मुद्रांक शुल्काकडेही लक्ष ठेवा. १ जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून १०,००० च्या एसआयपीत खरेदीची ओळ ९,९९९.५० ची दिसते आणि ५० पैशांची ओळ वेगळी. तुमच्या खिशातून गेले ते १०,०००. परताव्याच्या हिशेबात दोन्ही ओळी धरायच्या.

आता या सगळ्याचा कणा. होल्डिंग साठवू नका, व्यवहार साठवा. जुन्या पेढीवर आधी रोजकीर्द लिहीत आणि तिच्यावरून खतावणी तयार होई, तेच इथे करायचं. प्रत्येक व्यवहार एक नोंद: तारीख, आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा किंवा योजनेचा वेगळा ओळख क्रमांक), खातं, प्रकार, संख्या, रक्कम. आज हातात किती आहे, सरासरी किती, नफा किती, हे सगळं दर वेळी त्या नोंदींवरून काढायचं. घरगुती पोर्टफोलिओत काही हजार नोंदी असतात, ब्राउझरला हे काम क्षणाचंही नाही. आकडे दशांशात ठेवू नका. रक्कम पैशांत, युनिट हजाराने गुणून, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) दहा हजाराने गुणून, सगळे पूर्णांक. नाहीतर दहा वर्षांच्या एसआयपीनंतर शेवटी शून्याऐवजी युनिटचा सूक्ष्म अंश उरतो आणि विकून टाकलेला फंड चार्टवर रेंगाळत राहतो.

ट्रेडबुकमध्ये काय नसतं ते आधीच ओळखून ठेवा. बोनस हा व्यवहार नाही, त्यामुळे तो तिथे येत नाही. विभाजन, विलीनीकरण, डीमर्जर (कंपनीचा भाग वेगळा होणं) हेही नाही. चार खरी उदाहरणं देतो, चारही तुमच्या चाचणीत असू द्यात.

१ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, २५ शेअर्सना बँकेचे ४२. म्हणजे जुने १०० होते त्याचे १६८ झाले. खर्च तोच, आणि खरेदीची तारीखही जुनीच धरायची. त्याच महिन्यात रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, रेकॉर्ड डेट २० जुलै, एकास एक. खर्चाची वाटणी ९५.३२ टक्के रिलायन्सकडे आणि ४.६८ टक्के जिओकडे. २,००० ला घेतलेल्या रिलायन्सचा खर्च १,९०६.४० झाला आणि जिओचा ९३.६०. ही नोंद नसेल तर जिओ फुकट मिळालेली दिसते आणि रिलायन्स उगाच पडलेली. रिलायन्सचाच ऑक्टोबर २०२४ चा एकास एक बोनस हे तिसरं. आणि जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले इंडियाचा १० रुपये दर्शनी मूल्याचा शेअर १ रुपयाचा झाला, हे चौथं आणि सर्वांत फसवं. दर्शनी मूल्य बदललं की आपल्याकडे आयएसआयएन बदलतो. तुम्ही आयएसआयएनवर सगळं बांधलेलं असेल, आणि बांधायलाच हवं, तर एका कंपनीच्या जागी दोन दिसतात: एक विकलेली नसूनही भाव नसलेली, दुसरी घेतलेली नसूनही हातात असलेली. म्हणून जुना आयएसआयएन, नवा आयएसआयएन, गुणोत्तर आणि तारीख असा छोटा तक्ता हाताने ठेवा.

विक्रीच्या वेळी कोणता लॉट, म्हणजे एका वेळी घेतलेला गठ्ठा, गेला हे ‘आधी आलेला आधी जातो’ या नियमाने ठरतं, पण तो नियम प्रत्येक डीमॅट खात्याला वेगळा लागतो. तुमची खाती दोन आहेत, म्हणून रांगाही दोन. एकत्र केल्या तर कराचा आकडा चुकतो आणि का चुकला ते शोधताना डोकं फुटतं.

सगळं वाचून झालं की पडताळणी. सुरुवातीची शिल्लक अधिक व्यवहार बरोबर शेवटची शिल्लक, हे प्रत्येक फोलिओला आणि प्रत्येक आयएसआयएनला तपासा. जुळलं नाही तर त्या होल्डिंगवर ठळक खूण करून ते एकूण बेरजेतून वगळा. चुकीचं चित्र न दिसणाऱ्या चित्रापेक्षा वाईट, कारण पैशाच्या बाबतीत लोक चित्रावर विश्वास ठेवून निर्णय घेतात.

भावांचं बघू. फंडांच्या बाबतीत आपली चैन आहे. अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना रोज सगळ्या योजनांची एनएव्ही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देते, अर्धविरामाने वेगळे केलेले रकाने, त्यात आयएसआयएनही असतो. मध्येच फंड घराण्यांची नावं आणि रिकाम्या ओळी येतात, त्या गाळा. ग्रोथचा किंवा लाभांश हातात देणाऱ्या पर्यायाचा आयएसआयएन एका रकान्यात आणि लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्या पर्यायाचा दुसऱ्या रकान्यात असतो, दोन्ही तपासा. परदेशी फंडांत पैसे लावणाऱ्या फंडांची एनएव्ही दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा प्रत्येक भावाबरोबर त्याची तारीख ठेवा आणि चित्रावर दाखवा. फाइलचा पत्ता दुसऱ्या सबडोमेनवर वळवला जात असेल तर दोन्ही पत्ते परवानगीच्या यादीत लागतात, एवढ्यावरून लोक तासन्‌तास अडकतात.

शेअर्सचे चालू भाव ही वेगळी गोष्ट आहे. एक्स्चेंजचा भाव हा परवान्याने विकला जाणारा माल आहे. रोजच्या व्यवहारांनंतर येणारी भावकॉपी, म्हणजे एक्स्चेंजची त्या दिवसाच्या भावांची फाइल, मात्र उतरवता येते, तिच्यात आयएसआयएन असतो, आणि आपल्या कामाला दिवसअखेरचा भाव पुरेसा आहे. २०२४ मध्ये तिचा साचा बदलला, जुन्या लेखांमधले रकाने आता जुळणार नाहीत. पोर्टफोलिओच्या चित्राला मिनिटामिनिटाचा भाव लागत नाही असं माझं ठाम मत आहे. तो लावला की माणूस चित्र बघायचं सोडून टिकर बघायला लागतो.

एक्स्टेन्शनची यंत्रणा थोडक्यात. मॅनिफेस्ट व्ही-३ या क्रोम एक्स्टेन्शनांच्या सध्याच्या साच्यामध्ये पार्श्वभूमीचा सर्व्हिस वर्कर (पडद्याआड चालणारा कोड) ३० सेकंद काम नसलं की बंद होतो, म्हणून चलांमध्ये काही धरून ठेवू नका आणि सेट-इंटरव्हलवर विसंबू नका. रात्रीची एनएव्ही आणायला अलार्म्स एपीआय वापरा. बाहेरून स्क्रिप्ट ओढायला बंदी आहे, तेव्हा सीडीएनची (दुसऱ्याच्या सर्व्हरवरून लायब्ररी आणणारी) ओळ चालणार नाही, लायब्ररी पॅकेजमध्येच ठेवा. मजकुरातून कोड तयार करणाऱ्या लायब्ररीही अडतात. वेगा ही चार्ट लायब्ररी घेतलीत तर तिचा वेगळा इंटरप्रिटर जोडावा लागतो. साठवणीसाठी इंडेक्स्ड-डीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस. सिंक स्टोरेजच्या वाटेला जाऊ नका: एकूण १०० केबी, एका नोंदीला ८ केबी, आणि शिवाय माहिती गूगल खात्यातून फिरते. चित्र पॉपअपमध्ये कोंबू नका. पॉपअप ८०० बाय ६०० पिक्सेलच्या पुढे जात नाही आणि बाहेर क्लिक केलं की मिटतो. पॉपअपमध्ये एक आकडा आणि ‘उघडा’ बटण, खरं चित्र पूर्ण टॅबमध्ये.

अशा रचनेत परवानग्या किती लागतात? स्टोरेज, अलार्म आणि अ‍ॅम्फीचे पत्ते. बस.

आता परतावा, कारण चित्राचा रंग त्याच्यावर ठरतो. समजा १ जानेवारीला एक लाख गुंतवले, १ ऑक्टोबरला आणखी एक लाख, आणि पुढच्या १ जानेवारीला किंमत २,१५,००० झाली. साधी टक्केवारी ७.५ येते. पण दुसरा लाख तीनच महिने कामाला होता. एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक रक्कम किती काळ गुंतली होती ते धरून येणारा वार्षिक दर, काढला तर सुमारे १२ टक्के येतो. एसआयपीवाल्यांना साधी टक्केवारी नेहमीच फसवते. एक्सआयआरआर काढायला बहुतेक जण न्यूटनची पद्धत उचलतात. मोठा तोटा किंवा विचित्र रकमा आल्या की ती भरकटते. उणे ९९ टक्के आणि हजार टक्के अशी दोन टोकं धरून मध्य काढत जाण्याची पद्धत हळू आहे, पण भरकटत नाही. एक वर्षापेक्षा कमी काळाच्या होल्डिंगचा वार्षिक दर दाखवूच नका. तीन आठवड्यांत पाच टक्के वाढलेल्या शेअरपुढे १३० टक्क्यांहून मोठा आकडा बघून घरात भलत्याच चर्चा सुरू होतात.

तुलनेसाठी निफ्टीची साधी पातळी घेऊ नका, तिच्यात लाभांश नसतो. फंडांनाही १ फेब्रुवारी २०१८ पासून लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी तुलना करणं सक्तीचं आहे. सोपी युक्ती अशी: एखादा निफ्टी ५० इंडेक्स फंड, डायरेक्ट ग्रोथ, मापदंड म्हणून घ्या. एनएव्ही फुकट मिळते आणि खर्चही तिच्यात वजा झालेला असतो. तुमच्या प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी तेवढीच रक्कम त्या फंडात गेली असती तर आज किती झाली असती, ती दुसरी रेषा. ज्यासाठी एक्स्टेन्शन बनवावं असं चित्र माझ्या मते हेच: घातलेली रक्कम पायऱ्यांसारखी, आजवरची किंमत आणि इंडेक्स फंडातली काल्पनिक किंमत, तिन्ही एका अक्षावर. बऱ्याच हौशी शेअर निवडणाऱ्यांना ते आवडत नाही.

ट्रीमॅप दिसायला छान. बेन श्नायडरमन यांनी १९९० च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठात हार्ड डिस्क कशाने भरली हे बघायला तो शोधला, आणि ‘पैसा कुठे अडकलाय’ या प्रश्नालाही तो शोभतो. क्षेत्रफळ म्हणजे आजची किंमत, रंग म्हणजे एक्सआयआरआर. आजची चढउतार नको. रंगांची पट्टी शून्यावर मधोमध ठेवा आणि दोन्ही टोकांना मर्यादा घाला, नाहीतर एक शेअर चौपट झाला की बाकी सगळं फिकट पडतं. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी घ्या, लाल-हिरवा भेद न दिसणारी माणसं अनेक मोठ्या कुटुंबांत निघतात. मात्र ‘यातलं मोठं कोणतं’ हे विचारायचं असेल तर उतरत्या क्रमाच्या आडव्या पट्ट्याच काढा. क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की समान मोजपट्टीवरची लांबी डोळा अचूक वाचतो; कोन आणि क्षेत्रफळ नाही. पाय चार्ट या घरात येऊ देऊ नका.

ब्रोकरची ॲप सहसा देत नाहीत आणि तुम्ही देऊ शकता असं एक चित्र म्हणजे फंडांच्या आतलं. फंड दर महिन्याचा पोर्टफोलिओ महिना संपल्यावर १० दिवसांत जाहीर करतात. समजा इंडेक्स फंडात सहा लाख आणि त्यात एका बँकेचा वाटा १२ टक्के, फ्लेक्सी-कॅप फंडात चार लाख आणि तिथे तिचा वाटा ८ टक्के, शिवाय तिचेच शेअर्स थेट ५०,००० चे. होल्डिंगच्या यादीत ती बँक पाच टक्क्यांहून कमी दिसते; आतून बघितलं तर १,५४,००० म्हणजे साडेदहा लाखांतले जवळपास १५ टक्के. काम कष्टाचं आहे, प्रत्येक फंड घराण्याची एक्सेल वेगळ्या साच्यात असते. पाच-सहा मोठ्या फंडांपुरतं करा, बाकीचं ‘आतलं माहीत नाही’ अशा करड्या पट्टीत जाऊ द्या.

करासाठी एकच चित्र ठेवा: प्रत्येक लॉट त्याच्या वयानुसार मांडलेला आणि १२ महिन्यांवर एक उभी रेघ. नोंदलेल्या शेअर्सवर २३ जुलै २०२४ पासून रेघेअलीकडे २० टक्के, पलीकडे वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वीच्या लॉटला वेगळी खूण, त्यांच्या खर्चाचा नियम निराळा आहे. ‘हे विका’, ‘ते घ्या’ असं मात्र कुठेही लिहू नका. दुकानात ठेवून लोकांना सल्ला द्यायला लागलात की सेबीच्या गुंतवणूक सल्लागार नियमांत शिरलात.

आकड्यांचं रूप ब्राउझरवर सोडा. जावास्क्रिप्टमधल्या इंटलच्या नंबर-फॉरमॅटला मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि देश) दिला की लाख-कोटीचे स्वल्पविराम आणि देवनागरी अंक दोन्ही मिळतात. रक्कम लपवून फक्त टक्के दाखवणारं एक बटण पहिल्या दिवसापासून ठेवा, स्क्रीन शेअर करताना लागतंच.

घरच्यांपुरतं असेल तर स्टोअरवर टाकायची गरज नाही, डेव्हलपर मोडमध्ये फोल्डर लोड करा. टाकायचं ठरलं तर नोंदणीचे एकदाच पाच डॉलर, गोपनीयतेचं निवेदन आणि प्रत्येक परवानगीचं कारण लागेल. फोल्डरवरून चालवताना एक खोच आहे: मॅनिफेस्टमध्ये ‘की’ दिलेली नसेल तर एक्स्टेन्शनची ओळख फोल्डरच्या पत्त्यावरून ठरते. फोल्डर दुसरीकडे हलवला की ब्राउझरच्या दृष्टीने ते नवं एक्स्टेन्शन आणि साठवण रिकामी. काढून टाकलं तरी साठवण जाते. म्हणून आयातीच्या बटणाशेजारीच सगळी रोजकीर्द एका जेसन फाइलमध्ये उतरवणारं बटण बनवा, तेही पहिला चार्ट काढायच्या आधी.